अर्ध्या तासाची शेंग

दादरला स्लो लोकल पकडायची, खिडकीची जागा मिळाली तर उत्तमच, हेडफोन कानात घालायचे आणि ‘पॉड’ लावायचा. भांडुपच्या आसपास अल्बम संपलेला असतो. १२ गाणी, जेमतेम अर्धा तास. गेली कित्येक वर्षं मी हा प्रवास करतोय आणि अजून एकदाही वाटलं नाही की यातलं एखादं गाणं कमी असतं तरी चाललं असतं.

‘पॉड’ म्हणजे शेंग. द ब्रीडर्स या बँडचा हा पहिला अल्बम, मे १९९० मध्ये आलेला. त्यातल्या मुख्य दोघीजणी वेगवेगळ्या बँडमध्ये आधीच कामाला होत्या. पाश्चात्त्य संगीतात याला साइड प्रोजेक्ट म्हणतात. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे, जोडधंदा. शेती सांभाळून दोन म्हशी पाळाव्यात, तसा. फरक एवढाच की काही वर्षांत या म्हशींचं दूध शेतीच्या उत्पन्नाला भारी पडलं.

जाहिरात एक, उमेदवार एक

गोष्ट सुरू होते बोस्टनमध्ये, १९८६ साली. तिथल्या एका साप्ताहिकात छोटी जाहिरात छापून आली: बँडसाठी बेस गिटार वाजवणारं कुणी हवं, मात्र त्याला हस्कर डू हा कर्णकर्कश बँडही आवडायला हवा आणि पीटर, पॉल अँड मेरी हे गोड गळ्याचं त्रिकूटही. म्हणजे एकाच ताटात ठेचा आणि शिकरण. जाहिरात वाचून एकच व्यक्ती आली, किम डील. ओहायोतल्या डेटन गावाहून नुकतीच बोस्टनला आलेली. तिच्याकडे बेस गिटारच नव्हती! पुढे जुळ्या बहिणीची, केलीची, मागून आणली.

हा बँड म्हणजे पिक्सीज. त्यांच्या पहिल्या दोन रेकॉर्डवर किमचं नाव शोधायला गेलात तर सापडणार नाही. तिथे छापलंय ‘मिसेस जॉन मर्फी’. जॉन मर्फी हा तिचा तेव्हाचा नवरा. लग्नपत्रिकेत ‘सौ. व श्री.’ वाचत मोठे झालेल्या आपल्याला यात काही नवल वाटणार नाही, पण रॉक अल्बमच्या श्रेयनामावलीत हे पाहून मी थबकलो होतो.

१९८८ च्या ‘सर्फर रोझा’ अल्बममध्ये किमने ‘जायगँटिक’ हे गाणं गायलं. आवाजाला खरा घुमारा यावा म्हणून रेकॉर्डिंगचं सामान स्टुडिओच्या बाथरूममध्ये नेलं होतं. गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं. मात्र पिक्सीजची गाणी लिहायचा ब्लॅक फ्रान्सिस, आणि त्याची लेखणी फार वेगात चालायची. पुढच्या ‘डूलिटल’मध्ये किमच्या वाट्याला एका गाण्याचं अर्धं श्रेय आलं. त्याच्या पुढच्या ‘बोसानोव्हा’त तेवढंही नाही. गाणी सुचत होती, जागा मिळत नव्हती. ‘पॉड’ ऐकताना ही साठलेली वाफ विसरता येत नाही.

दुसऱ्या घरची दुसरी

टान्या डॉनेलीची कथा जवळजवळ तीच. तिच्या बँडचं नाव थ्रोइंग म्युझेस. तिथे बहुतेक गाणी तिची सावत्र बहीण क्रिस्टिन हर्श लिहायची. टान्याला एका अल्बममागे एक-दोन गाण्यांची जागा. १९८८ मध्ये दोन्ही बँड एकत्र युरोपच्या दौऱ्यावर गेले आणि टान्या-किमची गट्टी जमली. दोघीही आपापल्या घरात दुसऱ्या क्रमांकावर. अशा दोन माणसांना एकमेकांशी फार समजावून बोलावं लागत नाही.

बोस्टनला परतल्यावर दोघी क्लबमध्ये नाचायला जायच्या आणि तिथेच बेत शिजला: आपण दोघींनी मिळून एक डान्स अल्बम करायचा. हो, डान्स! ‘पॉड’ ऐकलेल्या माणसाला हे सांगितलं की तो आधी तुमच्याकडे नीट बघतो. कारण या अल्बमवर नाचायचं म्हटलं तर पाय हवेतच थांबतील, गाणी इतक्या अनपेक्षित जागी श्वास रोखतात.

नावाची उचल

‘द ब्रीडर्स’ हे नाव मात्र जुनं. किम आणि केली शाळकरी वयात डेटनमध्ये गायच्या तेव्हाचं. समलिंगी लोक आपसात बोलताना भिन्नलिंगी जोडप्यांना ‘ब्रीडर्स’ म्हणत, पैदाशीच्या कामाला लागलेले या अर्थाने. किमला या शब्दाची गंमत वाटली आणि तो तिने जपून ठेवला. थोड्या वेळाने मुखपृष्ठापाशी येऊ तेव्हा हे लक्षात असू द्या.

११,००० डॉलर

दोघींनी ओळखीचे वादक गोळा करून काही गाण्यांचा कच्चा डेमो केला आणि तो लंडनला आयव्हो वॉट्स-रसेलकडे गेला. ‘फोर एडी’ ही रेकॉर्ड कंपनी त्याची. पिक्सीज आणि थ्रोइंग म्युझेस, दोघांच्याही रेकॉर्ड तीच काढायची. आयव्होला डेमो ऐकताच आवडला आणि अल्बमसाठी त्याने ११,००० डॉलर दिले. रॉक अल्बमच्या हिशेबात ही चिल्लर. पण त्या चिल्लरीने अल्बमचा स्वभाव ठरवून टाकला. महागडा स्टुडिओ नाही, महिनोन्‌महिने घोळ नाही, तीस-तीस वेळा तेच गाणं गाणं नाही.

वाटणीही ठरली. पहिल्या अल्बममध्ये किमची गाणी, दुसऱ्यात टान्याची. दुसऱ्याचं काय झालं ते पुढे येईलच.

पायजम्यातलं रेकॉर्डिंग

बेस वाजवायला आली जोसेफिन विग्ज, इंग्लंडच्या द पर्फेक्ट डिझास्टर या बँडमधली. म्हणजे हीसुद्धा दुसऱ्या घरची. तिच्या बेडफर्डशायरच्या घरी आठवडाभर तालमी झाल्या आणि मग जानेवारी १९९० मध्ये मंडळी एडिनबराला पॅलॅडियम स्टुडिओत पोचली.

जानेवारीतलं स्कॉटलंड, चार वाजता अंधार, वर झोपायच्या खोल्या आणि खाली स्टुडिओ. मग कपडे कशाला बदलायचे? पायजम्यातच खाली उतरायचं, पायजम्यातच वाजवायचं आणि रात्री जवळच्या पबमध्येही तसंच जायचं. काम ठरल्यापेक्षा लवकर आटपलं.

मला हा तपशील फार आवडतो. ‘पॉड’मधला आवाज घरातल्या कपड्यांतला आहे. कुणी पाहुणे येणार म्हणून आवरलेला नाही.

शॅनन डाउटन कोण?

अल्बमच्या मूळ श्रेयनामावलीत ड्रमवादकाचं नाव आहे शॅनन डाउटन. ते नाव खोटं होतं. ड्रमवर होता ब्रिट वॉलफर्ड, केंटकीतल्या लुइव्हिल गावचा, जेमतेम विशीतला पोरगा. त्याचा स्वतःचा बँड होता स्लिंट. पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, स्लिंटने ‘स्पायडरलँड’ काढला. तेव्हा तो फारसा कुणी विकत घेतला नाही. आज त्याचं नाव घेतल्याशिवाय त्या काळाच्या रॉकचा इतिहास सांगता येत नाही. म्हणजे एकाच मुलाने साधारण वर्षभराच्या आत दोन मोठ्या अल्बमांवर हात चालवला आणि त्यातल्या एकावर त्याचं खरं नावच नाही. ब्रीडर्सच्या पुढच्या छोट्या रेकॉर्डवर, १९९२ च्या ‘सफारी’वर, त्याने आणखी एक वेगळं खोटं नाव लावलं!

या पोराचा हात जड आहे. काठी पडते तेव्हा ढोलाच्या कातड्याचा ताण ऐकू येतो. पण खरी कमाल तो काठी उचलून थांबतो तिथे आहे.

प्लंबरसारखा पगार

ब्रिटचं नाव सुचवलं स्टीव्ह अल्बिनीने, आणि ‘पॉड’चा आवाज कुणाचा असं विचारलं तर किमइतकंच अल्बिनीचंही नाव घ्यावं लागेल. शिकागोचा हा ध्वनिमुद्रक. ‘सर्फर रोझा’ त्यानेच केला होता, स्लिंटचा पहिला अल्बमही. त्याला ‘निर्माता’ म्हटलेलं आवडायचं नाही. मी फक्त रेकॉर्ड करतो, असं तो सांगायचा आणि अल्बमवर तेवढंच छापायला लावायचा. रॉयल्टी घ्यायची नाही, हा त्याचा आयुष्यभराचा नियम. मला प्लंबरसारखे पैसे द्या, असं त्याने पुढे निर्वाणा बँडला पत्रात लिहिलं होतं. काम केलं, त्याचा मोबदला मिळाला, विषय संपला. अल्बम लाखांनी खपला म्हणून बँडच्या कमाईत आयुष्यभर वाटा मागणं त्याला अनैतिक वाटे.

त्याची पद्धत सोपी होती आणि अवघडही. माइक फक्त वाद्याच्या तोंडाशी लावायचा नाही, खोलीतही लावायचे, लांब, जमिनीलगत. वाद्याबरोबर खोलीही रेकॉर्ड व्हायला हवी. १९८० च्या दशकात ड्रमवर कृत्रिम प्रतिध्वनीचा जाड थर चढवायची टूम होती. अल्बिनीने तो खरवडून काढला. आवाजांच्या थरांवर थर रचायलाही त्याचा नकार, आणि गायनाला फार पुढे आणायचं नाही यावरून त्याचे किम-टान्याशी खटकेही उडाले. दोघींना स्वरमेळाची हौस, याला पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नातला ताजेपणा हवा.

कोण बरोबर होतं? मी अल्बिनीच्या बाजूने आहे. ‘ग्लोरियस’ हे पहिलं गाणं लावून पाहा. बेस संथ चालतो, ड्रम त्याच्याशी नजर न मिळवता चालतो, आणि मधे इतकी मोकळी जागा आहे की एखाद्या वाड्याच्या ओसरीवर संध्याकाळी एकट्याने उभं राहिल्यासारखं वाटतं. किमचा आवाज कानाजवळ येतो, पण लाडात येत नाही. गिटारची तार बोटाखालून निसटते ती खरखर तशीच ठेवलीय. आपल्याकडे मैफलीच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तंबोऱ्याची जवारी आणि मागे कुणीतरी दिलेली दाद ऐकू येते ना, तिच्यामुळे ती खोली आपल्याला सापडते. इथेही खोली सापडते.

बीटल्सची बंदूक

१२ पैकी एक गाणं उसनं आहे, बीटल्सचं ‘हॅपिनेस इज अ वॉर्म गन’, १९६८ च्या व्हाइट अल्बममधलं. हे घ्या असं आयव्होने सुचवलं. बीटल्सच्या गाण्याला हात लावणं म्हणजे नवख्या बँडसाठी जोखीमच, आणि त्यातही हे गाणं तुकड्यातुकड्यांनी शिवलेलं, मधेच ताल बदलणारं. शीर्षक जॉन लेननला सुचलं ते बंदुकींच्या एका मासिकातलं वाचून. बंदूक झाडून झाल्यावर नळी गरम असते, त्याचा ‘आनंद’! लेनन पुढे १९८० मध्ये बंदुकीच्याच गोळ्यांनी गेला. त्यामुळे १९९० मध्ये हे गाणं परत गाताना त्यात एक वेगळी थंडी शिरलेली असणारच.

ब्रीडर्सनी गाण्यावरचे सगळे दागिने उतरवून ठेवले. एक ठोका, मग शांतता. एक ओळ, मग शांतता. आपण पुढचा ठोका कुठे येईल याचा अंदाज बांधतो आणि तो अर्धी मात्रा उशिरा पडतो. मूळ गाणं मला तोंडपाठ होतं, तरी इथे दर वेळी चुकतो.

किडा, होम्स आणि न जन्मलेलं मूल

किमने गाण्यांमागच्या ज्या कल्पना सांगितल्या त्या ऐकून तिच्या डोक्यात काय काय चालायचं त्याचा अंदाज येतो. ‘ओह!’ हे गाणं म्हणे एक किडा दुसऱ्या किड्यांना धीर देतोय असं आहे, चला, तग धरा, पुढे व्हा. हे कळल्यावर गाणं छोटं होत नाही, उलट मोठं होतं. त्यात कॅरी ब्रॅडलीचं व्हायोलिन आहे, आणि ते असं रडतं-सावरतं की किड्याबद्दल माया दाटून येते. ‘लाइम हाउस’मध्ये शेरलॉक होम्स अफूच्या अड्ड्यावर बसलाय. ‘हेलबाउंड’मध्ये गर्भपातातून वाचलेला गर्भ आहे, विषय अंगावर येणारा आणि चाल मात्र धावती.

काही गाणी दोन मिनिटांच्याही आत संपतात. ‘फॉर्च्युनेटली गॉन’ हे माझं लाडकं, अल्बममधलं सर्वांत गोड गाणं. पावणेदोन मिनिटांत येतं, घरभर फिरतं आणि निघून जातं.

वामचा पट्टा

आता मुखपृष्ठ. ‘फोर एडी’च्या रेकॉर्डची मुखपृष्ठं करायचा व्हॉन ऑलिव्हर, आणि लोक नुसत्या त्याच्या कामासाठी त्या कंपनीच्या रेकॉर्ड विकत घेत. ‘पॉड’ हा शब्द किमने बोस्टनमध्ये एका चित्रावर पाहिला होता. शेंग म्हटल्यावर ऑलिव्हरच्या डोळ्यांपुढे गर्भाशय आलं, ‘ब्रीडर्स’ म्हटल्यावर प्रजनन. मग स्त्रीसाठी शेंग झाली तर पुरुषासाठी काय?

त्याने मेलेल्या वाम आणल्या. वाम म्हणजे तो सापासारखा लांबडा मासा, आपल्या मासळी बाजारात टोपलीच्या काठावरून लोंबताना दिसतो तो. त्यांचा पट्टा करून कमरेला बांधला आणि स्वतःच प्रजोत्पादनाचा नाच केला! केविन वेस्टनबर्गने फोटो काढले. मुखपृष्ठावर जी धूसर, लालसर, घुमणारी आकृती दिसते, तो ऑलिव्हर आहे आणि ते लोंबणारं जे काही आहे त्या वाम आहेत. हे माहीत नसताना मी वर्षानुवर्षं तो अग्नीभोवतीचा कुठलातरी विधी समजत होतो. कळल्यावर मात्र जाणवलं, माझा अंदाज फार चुकला नव्हता.

कर्टच्या वहीत तिसरा

ब्रिटनच्या यादीत ‘पॉड’ २२ व्या क्रमांकापर्यंत गेला. वाईट नाही, पण नगारे वाजावेत असंही नाही. खरी पावती एका वहीत सापडली. निर्वाणाच्या कर्ट कोबेनने आवडत्या ५० अल्बमांची यादी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती, ती त्याच्या मृत्यूनंतर, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डायऱ्यांत आहे. पहिला इगी अँड द स्टूजेसचा ‘रॉ पॉवर’. दुसरा पिक्सीजचा ‘सर्फर रोझा’. तिसरा ‘पॉड’.

दुसरा आणि तिसरा, दोन्हींत किम. दोन्ही अल्बिनीने रेकॉर्ड केलेले. म्हणूनच ‘नेव्हरमाइंड’च्या अफाट यशानंतर कर्टने पुढचा अल्बम, ‘इन युटेरो’, कुणाकडे सोपवला हे वेगळं सांगायला नको. शेंगेतून निघालेलं बी गर्भाशयात जाऊन रुजलं, असं म्हणायचा मोह आवरत नाही, कारण युटेरो म्हणजे गर्भाशयच. १९९३ च्या अमेरिका दौऱ्यात निर्वाणाच्या आधी मंचावर कोण होतं? ब्रीडर्स.

वाटणी मोडते तेव्हा

आता ती दुसऱ्या अल्बमची गोष्ट. टान्याची गाणी तयार होत होती, पण किमचा वेळ पिक्सीजमध्ये अडकलेला. टान्याने अखेर स्वतःचा बँड काढला, बेली. ब्रीडर्ससाठी राखून ठेवलेल्या गाण्यांतली काही बेलीच्या ‘स्टार’मध्ये गेली, आणि १९९३ मध्ये तो अल्बम ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचला. भांडण नाही, तमाशा नाही. जाण्याआधी दोघींनी आयव्होच्या धिस मॉर्टल कॉइल या प्रकल्पासाठी एक द्वंद्वगीतही गायलं, ‘यू अँड युवर सिस्टर’, मूळ क्रिस बेलचं. ते १९९१ च्या ‘ब्लड’मध्ये आहे. ‘पॉड’मध्ये अल्बिनीने जो स्वरमेळ अडवून धरला होता, तो ऐकायचा असेल तर तिथे जा. दोन आवाज एकमेकांवर रेलून उभे आहेत.

टान्याच्या जागी किमने लीड गिटारला कुणाला उभं केलं? जुळ्या बहिणीला. केलीला लीड गिटार धड वाजवता येत नव्हती, ती वाजवत वाजवत शिकली. १९९३ च्या सुरुवातीला ब्लॅक फ्रान्सिसने पिक्सीज मोडल्याचं किमला फॅक्सने कळवलं. त्याच वर्षी ब्रीडर्सचा ‘लास्ट स्प्लॅश’ आला, त्यातल्या ‘कॅननबॉल’ने धुमाकूळ घातला आणि अल्बम अमेरिकेत १० लाखांवर गेला. तेवढा खप तोवर पिक्सीजच्या एकाही अल्बमला लाभला नव्हता. १९९६ मध्ये द प्रॉडिजीच्या ‘फायरस्टार्टर’मध्ये याच अल्बममधला गिटारचा एक तुकडा वापरला गेला, त्यामुळे त्या गाण्याच्या श्रेयात आजही किमचं नाव आहे.

मी ‘कॅननबॉल’ पहिल्यांदा पाहिलं ते केबलवर, पाहुणे आलेले असताना, आवाज बारीक करून. ‘लास्ट स्प्लॅश’ हाच यांचा पहिला अल्बम असं पक्कं समजून बसलो होतो. ‘पॉड’पाशी पोचायला पुढे बरीच वर्षं लागली आणि पोचल्यावर जरा राग आला, हे आधी कुणी का नाही सांगितलं म्हणून. हा लेख त्या रागातूनच लिहितोय.

२०२४ मध्ये ऑलिव्हिया रॉड्रिगोने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या कार्यक्रमांना सुरुवातीला गायला ब्रीडर्सना बोलावलं. रॉड्रिगोचा जन्म २००३ चा. तिच्या चाहत्या पोरींनी त्या रात्री जुळ्या बहिणींना पहिल्यांदा पाहिलं असेल. त्याच वर्षी ७ मे रोजी अल्बिनी गेला, ६१ व्या वर्षी, हृदयविकाराने. नोव्हेंबरमध्ये किमचा स्वतःच्या एकटीच्या नावाचा पहिला अल्बम आला, ‘नोबडी लव्ह्ज यू मोअर’. त्यातली काही गाणी अल्बिनीनेच शिकागोत रेकॉर्ड करून ठेवली होती. अल्बमवर नाव छापलंय किम डील, पूर्ण आणि खरं.